सर्पगंधेची मुळी आणि रक्तदाबाची गोळी

पश्चिम घाटाच्या ओलसर जंगलात सावलीला वाढणारे, गुडघ्याएवढे झुडूप म्हणजे सर्पगंधा. तिची मुळी साप-विंचू चावल्यावर, झोप लागत नसेल तर आणि वेड लागलेल्यांना शांत करण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या दिली जात असे.

1931 मध्ये कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड व उच्च रक्तदाब या दोन्हींवर ती उपयोगी असल्याचे लिहिले. त्याच वर्षी दिल्लीत रसायनशास्त्रज्ञ सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळीतून अल्कलॉइड (वनस्पतींत असणारी, शरीरावर जोरदार परिणाम करणारी नायट्रोजनयुक्त द्रव्ये) वेगळे केले आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलीन नाव दिले. जगाचे लक्ष मात्र गेले ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरील त्यांचे निरीक्षण 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी मुळीतले रिसर्पीन हे अल्कलॉइड वेगळे केले आणि मुळीची गोळी झाली.

आजच्या औषधांशी होणाऱ्या तिच्या संघर्षाचे मूळ इथेच आहे. रिसर्पीन मज्जातंतूंच्या टोकांशी असलेला नॉरॲड्रेनलिन, डोपामिन व सेरोटोनिन या निरोप पोहोचवणाऱ्या द्रव्यांचा साठा रिकामा करते. तो पुन्हा भरायला दिवस लागतात, म्हणून मुळीचे चूर्ण बंद केले तरी परिणाम रेंगाळतो.

प्रमाणाचा हिशेब नीट पाहावा. वाळलेल्या मुळीत 0.15 टक्के रिसर्पीन धरले तर 1 ग्रॅम चूर्णात ते 1.5 मिलिग्रॅम भरते. गोळीचा नेहमीचा रोजचा डोस 0.1 ते 0.25 मिलिग्रॅम असतो. त्यात अल्कलॉइड मुख्यतः मुळीच्या सालीत असतात, त्यामुळे साल किती राहिली यावर प्रत्येक पुडीचा जोर बदलतो.

सर्पगंधा बीटा-ब्लॉकरबरोबर (हृदयाची गती व रक्तदाब कमी करणारी औषधे) घेतली तर नाडी मंदावते, रक्तदाब फार उतरतो. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाबरोबर ठोके बिघडू शकतात. पार्किन्सनच्या रुग्णात लेव्होडोपा या डोपामिन वाढवणाऱ्या औषधाचा गुण मारला जातो. एमएओ इन्हिबिटर (नैराश्यावरच्या गोळ्यांचा एक प्रकार) चालू असताना सर्पगंधा घेतली तर रक्तदाब एकदम चढू शकतो, कारण साठ्यातून बाहेर पडलेली द्रव्ये मोडणारे एन्झाइम त्या गोळीने आधीच थोपवलेले असते. दारू व झोपेच्या गोळ्यांनी गुंगी वाढते. नैराश्य किंवा पोटातला व्रण असलेल्यांनी ती घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना चूर्णाचे नाव, प्रमाण आणि शेवटचा डोस कधी घेतला हे आधी सांगावे.