कामाचा कंटाळा कुठून येतो?

‘कोकणी माणूस मूळचाच आळशी’ हे वाक्य काजूचा हंगाम आला की आमच्या वेंगुर्ले-सावंतवाडी भागात हमखास कानावर पडते. कारखान्यांना बी फोडायला बायका मिळत नाहीत, आलेल्या टिकत नाहीत, आणि त्याचा दोष मनुष्यस्वभावावर टाकून सगळे मोकळे होतात. मजुरी तुटपुंजी असते हे उघडच आहे. पण माणसाला पैशाशिवाय काम नकोच असते, हे या वाक्यामागचे गृहीतक विज्ञानाच्या कसोटीवर उतरत नाही.

आमच्या शेजारच्या काकू दिवसभर कारखान्यात वाफवलेल्या काजूबिया कटरवर फोडतात. टरफलातला चीक बोटांची कातडी सोलवटून टाकतो. फोडलेला गर दुसऱ्या टेबलावर सोलायला जातो, तिथून तिसरीकडे प्रतवारीला, आणि डब्यावर ‘डब्ल्यू ३२०’ असा शिक्का पडतो. एका पौंडात असे ३०० ते ३२० अख्खे गर बसतात, एवढाच त्याचा अर्थ. पण इतकी वर्षे तेच गर हाताळूनही तो काकूंना कोणी सांगितलेला नव्हता. याच काकू मार्चमधल्या संध्याकाळी पडवीत विळी घेऊन बसतात, हाताला खोबरेल लावून ओले काजू चिरतात आणि अख्खे निघालेले गर मुंबईच्या लेकीसाठी वेगळे काढतात. चीक तोच आणि बोटेही तीच असतात. तरी घरचे काम त्यांना उसळ शिजेपर्यंत सोडवत नाही.

हा फरक ज्याने तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडला, तो कार्ल मार्क्स तेव्हा २६ वर्षांचा होता. पॅरिसमध्ये १८४४ साली लिहिलेली त्याची ती टिपणे १९३२ पर्यंत पूर्ण स्वरूपात छापली गेली नव्हती. मनात योजलेली वस्तू हाताने घडवणे आणि तिच्यात स्वतःला पाहणे हा माणसाचा स्वभावच आहे, असे त्याचे म्हणणे. मजुरीच्या व्यवस्थेत कामगार स्वतः केलेल्या वस्तूपासून, करण्याच्या क्रियेपासून, आपल्या माणूसपणापासून आणि सोबतच्या माणसांपासून तुटतो. मराठीत यालाच परात्मता म्हणतात.

या तुटण्याचा एक धागा प्रयोगशाळेत तपासता येतो, आणि तो प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. वर्तणुकीच्या अर्थशास्त्राचे अभ्यासक डॅन एरियली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लेगोच्या ४० तुकड्यांचे एक खेळणे जोडायला दिले. पहिल्याचे २ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाचे ११ सेंट कमी, असा उतरता दर ठेवला. कुठे थांबायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. एका गटाची तयार खेळणी समोर टेबलावर मांडली जात. दुसऱ्या गटात मात्र विद्यार्थी पुढचे खेळणे जोडत असतानाच आधीचे त्याच्या डोळ्यांदेखत सुटे केले जाई आणि तेच तुकडे पुन्हा त्याच्या हाती येत. काम आणि दर दोन्हीकडे अगदी सारखे होते. पहिल्या गटाने सरासरी १०.६ खेळणी जोडली, दुसऱ्याने ७.२. त्याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. पहिल्या गटात ज्यांना लेगोची मुळातच आवड होती त्यांनी जास्त खेळणी जोडली. दुसऱ्या गटात आवड आणि संख्या यांचा संबंधच उरला नव्हता. म्हणजे अंगच्या आवडीचा जोर कामात उतरण्याची वाटच बंद झाली होती.

याच संशोधकांनी कागदावरच्या अक्षरांतून एकाच अक्षराच्या लागोपाठ आलेल्या जोड्या शोधायला लावणारा आणखी एक प्रयोग केला. एका गटाचा कागद तपासनीस वर-खाली पाहून ठेवून घेई, दुसऱ्याचा न पाहता गठ्ठ्यावर टाकी, तिसऱ्याचा थेट कागदाच्या चिंध्या करणाऱ्या यंत्रात घाली. गटांनी सरासरी अनुक्रमे ९.०३, ६.७७ आणि ६.३४ कागद केले. तिसऱ्या गटाला काहीही खरडून पैसे उकळता आले असते, तरी तोच सर्वांत आधी थांबला; आणि नुसते दुर्लक्ष झालेला गट त्याच्या जवळपासच राहिला. केलेले काम कोणाच्या तरी नजरेत आहे, एवढ्या जाणिवेवर माणूस किती तगून असतो, हे या आकड्यांतून दिसते. ‘डोपामिन (मेंदूतले प्रेरणेशी जोडलेले रसायन) वाढवा, कामात रमा’ असे सांगत फिरणाऱ्या प्रेरणावर्गांचा मला म्हणूनच राग येतो. कामाची रचना तशीच ठेवून कामगाराच्या मेंदूला दोष देणे आणि ‘नशिबात कष्टच लिहिलेत’ म्हणणे यांत काडीचा फरक नाही.

प्रयोगाची मर्यादाही सांगायला हवी. मार्क्सची परात्मता म्हणजे केवळ मनाला वाटणारे तुटलेपण नव्हे. वस्तू आणि साधने कोणाच्या मालकीची, हा त्यातला मूळ प्रश्न आहे, आणि लेगोच्या प्रयोगात तो येतच नाही. शिवाय कारखान्यांपूर्वीचे कोकण म्हणजे स्वर्ग होता असेही नाही. खोताच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराच्या, शेतात वेठ करणाऱ्या कुळाचे पीक तरी कुठे त्याचे होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोतीविरुद्ध विधेयक मांडले ते १९३७ साली, आणि खोती रद्द करणारा कायदा झाला तो १९४९ मध्ये.

कामावर आपला ताबा नसण्याची किंमत शरीरही मोजते. लंडनमधल्या १०,३०८ सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा १९८५ पासून सुरू झाला. आपले काम कसे आणि कधी करायचे हे ठरवण्याची मुभा ज्यांना कमी होती, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण जास्त आढळले. आणि हे तर खुर्चीत बसून काम करणारे, कायम नोकरीचे लोक होते.

काकूंच्या वाडीतल्या बचत गटात आता फोडणारी, सोलणारी आणि पाकिटावर चिठ्ठी चिकटवणारी बाई एकच असते, आणि कोणत्या गिऱ्हाइकाने काय म्हटले तेही तिला कळते. काजूबीचा भाव मात्र अजूनही तिच्या हातात नाही.