सीडी की डाउनलोड : इंदूरमधल्या एका वादाची पार्श्वभूमी

इंदूरच्या एका जुन्या मराठी वाचनालयात श्रवण विभागाचं काय करायचं यावर पुन्हा चर्चा सुरू झाली आहे. मागे एकदा याच सीडी काढून टाकण्यावरून तिथे वाद झाला होता. कपाटभर सीडी आहेत, पण त्या वाजवायचं यंत्र आता कुणी दुरुस्त करून देत नाही. तरुण सभासद विचारतात, गाणी डाउनलोड विकत घेऊन संगणकावरच का ठेवू नयेत? हाच प्रश्न रामबागेतल्या जुन्या वाड्यांपासून सुदामा नगरातल्या फ्लॅटांपर्यंत अनेक घरांत पडलेला आहे. वडिलांचा संग्रह असतो, मुलगा पुण्यात किंवा बंगळुरूला असतो आणि त्याच्या लॅपटॉपला सीडीची खाचच नसते. चर्चा बहुतेक वेळा आवाजाचा दर्जा आणि जागा या दोनच मुद्द्यांवर फिरते. माझ्या मते खरा मुद्दा मालकीचा आहे. घेतलेलं गाणं पुढच्याच्या हातात देता येतं का, हे आधी पाहायला हवं.

तबकड्यांचा काळ बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. भारतात १९०२ साली ध्वनिमुद्रण सुरू झालं, पुढची निम्मी शताब्दी साडेतीन मिनिटांच्या रेकॉर्डची, आणि मग जास्त वेळ वाजणारी एलपी. आपल्या शहरापुरतं एवढंच सांगतो की ज्यांच्यामुळे इंदूर घराणं हे नाव रूढ झालं, त्या उस्ताद अमीर खाँ यांची झुमरा तालातली अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, बढत साडेतीन मिनिटांत मावण्यासारखी नव्हतीच. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली तेव्हा कुठे एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी अशी ती एलपी शक्य झाली.

कॅसेटने सवयच बदलली. ऐंशीच्या दशकात घरोघरी टेपरेकॉर्डर आले आणि रेडिओवरचं गाणं भरून ठेवता येऊ लागलं. आकाशवाणीच्या मालवा हाउसमधून प्रसारित होणाऱ्या मैफली, देवासला किंवा गांधी हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमांची खासगी ध्वनिमुद्रणं, हे सगळं साठ आणि नव्वद मिनिटांच्या टेपांवर एका घरातून दुसऱ्या घरात गेलं. त्यात कुणाला काही गैर वाटलं नाही. आज आपल्याकडे जे दुर्मीळ गाणं शिल्लक आहे त्यातलं बरंचसं याच टेपांमुळे आहे, हे मान्य करायला हवं.

सीडी पहिल्यांदा विकली गेली १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये, जपानात. आपल्याकडे ती सर्रास दिसू लागली नव्वदच्या दशकात, आणि तेव्हा दोन-तीनशे रुपयांची सीडी हा मध्यमवर्गीय घरात विचार करून करायचा खर्च होता. ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावा-उजवा असे दोन प्रवाह. म्हणजे सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट. चौऱ्याहत्तर मिनिटं सलग. ख्यालासाठी ही मोठीच सोय होती, कारण बाजू उलटायला उठावं लागत नव्हतं. सोबत पुस्तिका यायची. तिच्यात राग, ताल, बंदिशीचे शब्द, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण आणि पुष्कळदा मैफलीची तारीखही असायची. शिकणारी मुलं त्या पुस्तिका झेरॉक्स करून नेत.

मग एमपी३ आलं. हा काळ मी जवळून पाहिला, म्हणून त्याविषयी थोडं जास्त लिहितो. १२८ किलोबिटच्या एमपी३ला सीडीच्या साधारण अकराव्या हिश्श्याएवढी जागा लागते. त्यामुळे ७०० एमबीच्या एकाच चकतीत बारा तासांहून जास्त गाणं मावू लागलं. जेल रोडवर अशा चकत्या ढिगाने मिळत. मुखपृष्ठ रंगीत झेरॉक्सचं, वर 'शास्त्रीय संगीत, १५० गाणी' असं काहीतरी, आणि किंमत खऱ्या सीडीच्या पावपटीहून कमी. २००५ नंतर घरात ब्रॉडबँड आला. सरकारी जोडणीच्या एका लोकप्रिय योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोफत होतं, तेव्हा मुलं संगणक चालू ठेवून झोपत. सकाळी जे हाती यायचं त्याच्या नावात गायकाच्या आधी संकेतस्थळाचं नाव असे, राग चुकीचा असे, आणि साथीदारांचा पत्ताच नसे.

या स्वस्ताईत ऐकू येण्यासारख्या दोन गोष्टी गेल्या. एक म्हणजे वरचे सूक्ष्म स्वर. १२८च्या फाइलीत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद, पाण्यात बुडाल्यासारखी ऐकू येते. ज्याने समोर बसून तंबोरा ऐकला आहे त्याला हे लगेच कळतं. दुसरी म्हणजे सलगपणा. एमपी३ बनवताना प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीला आणि शेवटी शांततेचे काही तुकडे आपोआप जोडले जातात. चित्रपटगीतात त्याने काही बिघडत नाही. पण आलाप आणि जोड वेगवेगळ्या ट्रॅकमध्ये असतील, तर मधे क्षणभर तंबोरा तुटतो. पुढे यावर उपाय निघाले. २००१ पासून फ्लॅकसारखी, काहीही न गाळता फाइल निम्म्याच्या आसपास आणणारी पद्धतही मोफत उपलब्ध होती. आपल्याकडे ती फार थोड्यांनी वापरली, कारण तेव्हा सगळ्यांना हवी होती संख्या.

कायदेशीर डाउनलोड आपल्याकडे उशिरा आलं. अमेरिकेत २००३ पासून गाणी सुटी विकली जात होती, पण सुरुवातीला त्या फाइलींना कुलूप असे. विकणाऱ्याच्या सर्व्हरने परवानगी दिली तरच गाणं वाजे. २००८ मध्ये तिथल्या एका मोठ्या कंपनीने आपल्या बंद पडलेल्या संगीत-दुकानाचा परवानगी देणारा सर्व्हरच थांबवण्याची घोषणा केली, तेव्हा पैसे भरलेल्या ग्राहकांनी ओरड केली आणि मुदत वाढवावी लागली. सर्वांत मोठ्या दुकानानेही २००७ पासून गाण्यांवरचं कुलूप काढायला सुरुवात केली होती, २००९ मध्ये ते सगळ्या गाण्यांवरून निघालं. भारतात २०१२ च्या फेब्रुवारीत एका मोठ्या ऑनलाइन विक्रेत्याने गाण्यांची विक्री सुरू केली, त्याच वर्षाच्या अखेरीस परदेशी दुकानही आलं, आणि २०१३ च्या जूनमध्ये देशी विक्रेत्याने ही विक्री बंदही केली. म्हणजे डाउनलोड विकत घेण्याची सवय लागण्याआधीच दुकान उठलं.

वाचनालयातला वाद सुरू झाला तो याच्या पुढच्या एक-दोन वर्षांत. कार्यकारिणीपुढे प्रस्ताव आला की श्रवण विभागातल्या सगळ्या सीडी आणि कॅसेट संगणकावर उतरवून घ्याव्यात, सीडींचं निर्लेखन करावं, म्हणजे त्या नोंदीतून कमी करून काढून टाकाव्यात, आणि मोकळ्या झालेल्या कपाटात स्पर्धा परीक्षांची पुस्तकं लावावीत. हेतू वाईट नव्हता. सीडी नेणारे सभासद महिन्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. काही चकत्या खराबही झाल्या होत्या, आणि त्याचं एक कारण आपणच होतो. दाखल क्रमांकाची चिठ्ठी सीडीच्या छापील बाजूवर चिकटवलेली होती. लोक चकचकीत बाजू जपतात, पण माहिती धरून ठेवणारा धातूचा पातळ थर असतो तो छापील बाजूच्या लगत, वर फक्त लाखेचा पापुद्रा. चिठ्ठी सुटली की तो थर घेऊनच निघते. सीडी उजेडाकडे धरली की भोक दिसतं.

प्रस्ताव मंजूर झाला आणि एका उत्साही तरुणाने काम सुरूही केलं. पण ऑडिओ सीडीत सहसा गाण्यांची नावं नसतात. संगणक ती इंटरनेटवरच्या याद्यांमधून शोधून आणतो. हिंदी चित्रपटांची नावं लगेच सापडली. जुनी नाट्यगीतं, छोट्या कंपन्यांनी काढलेल्या मैफली, भावगीतं मात्र त्या याद्यांत नव्हती, आणि फाइली तयार झाल्या 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' अशा. पुस्तिका तोवर डब्यांसकट एका पोत्यात गेल्या होत्या. शिवाय सगळं १२८वर उतरवलं जात होतं, कारण हार्डडिस्क लहान होती.

तेव्हा एका निवृत्त वकील सभासदाने कायद्याचा मुद्दा काढला, आणि तिथे वाद खरा पेटला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. ती त्या वर्षी २१ जूनपासून लागू आहे. तिच्यात वाचनालयांसाठी दोन गोष्टी आल्या. पहिली म्हणजे, कायदेशीररीत्या मिळवलेली ध्वनिमुद्रिका ना-नफा वाचनालयाने सभासदाला नेऊ दिली तर ते व्यापारी भाडं धरलं जात नाही. म्हणजे सीडी देणं निर्वेध आहे. दुसरी म्हणजे, अव्यापारी सार्वजनिक वाचनालयाला एखादी कृती जतनासाठी इलेक्ट्रॉनिक रूपात साठवता येते, पण तिची 'अडिजिटल' प्रत त्याच्याकडे आधीपासून असली पाहिजे.

गुंता या 'अडिजिटल'मध्ये आहे. कॅसेट आणि एलपी अडिजिटल आहेत, याबद्दल दुमत नाही. त्या उतरवून ठेवता येतात. पण सीडी मुळातच डिजिटल आहे. मग सीडीवरून हार्डडिस्कवर घेणं या सवलतीत बसतं का? सरळ वाचलं तर बसत नाही. प्रस्तावाच्या बाजूचे म्हणाले, घरी आपण सगळेच सीडी संगणकावर घेतो. घराची गोष्ट वेगळी आहे. खासगी वापरासाठीच्या रास्त वापराची मुभा त्याच दुरुस्तीने ध्वनिमुद्रिकांनाही दिली, पण वाचनालयाचा सभासदवर्ग म्हणजे कुटुंब नव्हे. आमचं वाचनालय सभासदांपुरतं, मग ते 'सार्वजनिक' ठरतं का, असा आणखी एक फाटा निघाला. आणि सर्वांत अवघड प्रश्न शेवटी आला. कॅसेट उतरवून मूळ कॅसेट फेकून दिली, तर 'आधीपासून प्रत आहे' हा आधार उरतो कुठे? या सवलतीचा उद्देश जतन आहे. मूळ वस्तू काढून टाकण्यासाठी तिचा उपयोग करणं उलट्या दिशेचं आहे, असं त्या वकिलांचं म्हणणं होतं आणि मला ते आजही पटतं.

प्रस्तावाच्या बाजूच्यांचंही ऐकण्यासारखं होतं. चकती चिरंजीव नाही. घरी 'राइट' केलेल्या सीडीतला रंगाचा थर उन्हाने आणि उष्णतेने मरतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. ज्या खासगी मैफली नव्वदीच्या अखेरीस टेपांवरून अशा सीडींवर घेतल्या गेल्या, त्यांतल्या अनेक आज वाचल्या जात नाहीत. मूळ टेप मात्र वाजते. शिवाय ध्वनिमुद्रिकेचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. १९६० साली प्रसिद्ध झालेली तबकडी २०२० अखेर त्यातून मोकळी झाली. म्हणजे संग्रहातल्या जुन्या भागाबद्दल कायद्याची भीती वर्षागणिक कमी होत जाणार आहे.

शेवटी काम थांबलं. कारखान्यात छापलेल्या सीडी परत दाखलनोंद वहीत आल्या, पोत्यातल्या पुस्तिकांपैकी ज्या सापडल्या त्या डब्यांत गेल्या, आणि कॅसेट उतरवण्याचं काम तेवढं पुढे चालू राहिलं. थांबण्याआधी निर्लेखित झालेल्या सीडी मात्र गेल्याच. त्यांत मराठी छोट्या कंपन्यांच्या ज्या होत्या, त्या पुन्हा बाजारात दिसलेल्या नाहीत.

त्यानंतर बाजारच बदलला. मुंबईत काळा घोड्याजवळचं नामांकित संगीत-दुकान २०१६ साली बंद झालं. इंदूरची सीडी विकणारी दुकानं मोबाइलची कव्हरं विकू लागली. स्वस्त मोबाइल डेटा आला आणि बहुतेकांनी डाउनलोडही सोडून थेट स्ट्रीमिंग धरलं. ऐकायला ते उत्तम आहे. पण तिथली यादी कंपन्यांच्या करारांवर चालते आणि करार संपला की गाणं नाहीसं होतं, सूचनाही मिळत नाही. गुरूने सांगितलेला एखादा भूप विद्यार्थी आज ऐकतो आणि परीक्षेच्या वेळी तो तिथे नसतो, हे गेल्या काही वर्षांत मी अनेकांकडून ऐकलं आहे.

घरासाठी विचाराल तर माझं मत असं : चित्रपटसंगीत आणि सहज मिळणारं सगळं स्ट्रीमिंगवर ऐकावं, त्याला पैसे घालवू नयेत. जे पुन्हा मिळणार नाही, ते सीडीवर मिळत असेल तर सीडी घ्यावी, फ्लॅकमध्ये उतरवून दोन ठिकाणी ठेवावं आणि पुस्तिकेचे फोटो त्याच फोल्डरमध्ये टाकावेत. फक्त डाउनलोड मिळत असेल तर बिनकुलपाचं, न गाळलेलं घ्यावं आणि फाइलीच्या नावात राग, ताल, साथीदार आपल्या हाताने लिहावेत.

वाचनालयापुढचा पेच यापेक्षा अवघड आहे, कारण अलीकडची कितीतरी चांगली ध्वनिमुद्रणं चकतीवर निघतच नाहीत. डाउनलोड विकणाऱ्यांच्या अटी सहसा 'वैयक्तिक, अव्यापारी वापर' अशा असतात. संस्थेने घेऊन सभासदांना देण्याची त्यात सोय नसते. एखाद्या पदाधिकाऱ्याच्या नावाने खरेदी केली तर ती त्या व्यक्तीची होते आणि कार्यकारिणी बदलली की खातंही जातं. सध्या चर्चेत असलेला मार्ग असा की माळव्यातल्या कलाकारांकडून किंवा त्यांच्या घरच्यांकडून थेट फाइली घ्यायच्या, सोबत लेखी परवानगी घ्यायची आणि त्या परवानगीत वाचनालयात ऐकवणं आणि सभासदाला नेऊ देणं हे दोन्ही स्पष्ट नमूद करायचं. दोन घरांनी तयारी दाखवली आहे. परवानगीपत्राचा मसुदा त्याच वकिलांकडे आहे.