आनुवंशिकता

जनकांची लक्षणे संततीत उतरणे म्हणजे आनुवंशिकता. ती कशी उतरतात, कधी लपतात आणि पुन्हा कधी वर येतात, याचा अभ्यास करणारे शास्त्र म्हणजे आनुवंशिकी. ‘खाण तशी माती’ या म्हणीत यातली पहिली बाजू आली आहे. आईबापांत न दिसलेले लक्षण मुलात अचानक दिसते, ही दुसरी बाजू म्हणीत नाही, आणि शास्त्राची सुरुवात नेमकी तिथून होते. या नोंदीतील उदाहरणे शक्यतो बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातल्या शिवारातून आणि घरांतून घेतली आहेत.

परिभाषा : लक्षण ठरवणाऱ्या आनुवंशिक घटकासाठी मराठीत ‘जनुक’ आणि ‘जीन’ हे दोन्ही शब्द चालतात. हे घटक पेशीतल्या ज्या धाग्यांवर असतात, त्यांच्या ‘गुणसूत्र’ आणि ‘रंगसूत्र’ या नावांचेही तसेच. विल्हेल्म वाल्डायर यांनी १८८८ मध्ये दिलेल्या ‘क्रोमोसोम’ या मूळ संज्ञेचा ग्रीक अर्थ ‘रंगीत देह’ असा आहे, कारण पेशीतले हे धागे रंगद्रव्य चटकन ओढून घेतात. त्या दृष्टीने ‘रंगसूत्र’ मुळाला अधिक धरून आहे. ‘गुणसूत्र’ मात्र त्या धाग्याचे काम सांगतो आणि शालेय पुस्तकांत तोच स्थिरावला आहे. येथेही तोच वापरला आहे. कन्नडमध्ये गुणसूत्राला ‘वर्णतंतु’, जनुकाला ‘वंशवाही’ आणि आनुवंशिकीला ‘तळिशास्त्र’ म्हणतात. यातला ‘तळि’ म्हणजे आपला ‘वाण’. कर्नाटक कृषी खात्याच्या रैत संपर्क केंद्रातून आणलेल्या बियाण्याच्या संदर्भात सीमाभागातल्या शेतकऱ्याच्या कानी पडतो तो हाच शब्द. खंडोबाची तळी भरतात तिच्याशी त्याचा संबंध नाही. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला पीयूसीला (अकरावी-बारावीला) हाच विषय इंग्रजीतून घ्यावा लागतो. एकाच वस्तूची तीन भाषांतली तीन नावे त्याच्या डोक्यात असतात, आणि ती एकाच वस्तूची आहेत हे त्याला कोणी तरी सांगणे गरजेचे असते.

मेंडेलचे प्रयोग : एकोणिसाव्या शतकात सर्वसाधारण समज असा होता, की आईबापांचे गुण दुधात पाणी मिसळावे तसे संततीत मिसळतात. हा समज खरा असता तर दर पिढीला लक्षणे पातळ होत गेली असती. ग्रेगोर मेंडेल यांनी त्याला प्रयोगाने उत्तर दिले.  ब्रनो (आजचे चेक प्रजासत्ताक) येथील मठाच्या बागेत त्यांनी सुमारे १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याचे संकर केले, ८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ रोजी तेथील निसर्गविज्ञान मंडळापुढे ते वाचले आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केले.

वाटाण्याचे फूल उमलण्याआधीच आतल्या आत स्वपरागण उरकते, त्यामुळे वाण शुद्ध राहतो. संकर हवा असेल तर कळी उघडून कोवळे पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि दुसऱ्या झाडाचा पराग आणून लावायचा. गोल दाण्याचा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाण असा जोडला, तर पहिल्या पिढीतले सगळे दाणे गोल निघतात. ते पेरून येणाऱ्या झाडांची शेंग सोलली, की एकाच शेंगेत गोल आणि सुरकुतलेले दाणे शेजारी शेजारी बसलेले दिसतात. शेंग आईची असली तरी तिच्यातला प्रत्येक दाणा पुढच्या पिढीचा स्वतंत्र जीव आहे. मेंडेल यांना असे ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मिळाले. पिवळ्या-हिरव्याच्या मोजणीत ६,०२२ पिवळे आणि २,००१ हिरवे. दोन्हीकडे प्रमाण तिनास एक. पहिल्या पिढीत दिसेनासा झालेला सुरकुतलेला गुण दुसऱ्या पिढीत जसाच्या तसा परतला, जराही गोलसर न होता. यावरून त्यांनी ताडले, की प्रत्येक लक्षणाचे दोन घटक असतात, एक आईकडून व एक बापाकडून. दोन्ही असताना एक प्रभावी ठरतो, दुसरा अप्रभावी राहतो. आणि बीजपेशी तयार होताना दोघे पुन्हा वेगळे होतात. यालाच पुढे विभक्तीकरणाचा नियम म्हटले गेले. आकार आणि रंग ही दोन लक्षणे एकत्र पाहिली तेव्हा ५५६ दाण्यांत ३१५ गोल-पिवळे, १०८ गोल-हिरवे, १०१ सुरकुतलेले-पिवळे आणि ३२ सुरकुतलेले-हिरवे अशी चार गटांत वाटणी झाली, म्हणजे जवळजवळ ९:३:३:१. एका लक्षणाचे घटक दुसऱ्या लक्षणाच्या घटकांवर अवलंबून न राहता वाटले जातात, हा स्वतंत्र वाटणीचा नियम.

दाणा सुरकुततो का, हे १९९० मध्ये इंग्लंडमधील नॉर्विच येथे उलगडले. पिठाच्या साखळीला फांद्या फोडणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकात डीएनएचा एक आगंतुक तुकडा घुसलेला असतो. विकर तयार होत नाही, पीठ कमी आणि साखर जास्त राहते, कोवळा दाणा जास्त पाणी धरतो आणि वाळताना आक्रसतो. उसळीचा सुका वाटाणा गुळगुळीत गोल असतो आणि ओल्या, गोड मटारासाठी लावायच्या ‘अर्केल’सारख्या वाणाचे बी सुरकुतलेले असते, त्यामागे हाच फरक आहे.

आकड्यांचा वाद : सांख्यिकीतज्ज्ञ रॉनल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये दाखवले, की मेंडेलचे आकडे अपेक्षेशी जरुरीपेक्षा जास्त जुळतात, इतका चांगला मेळ योगायोगाने बसण्याची शक्यता त्यांच्या हिशेबाने लाखात सात. यातला एक मुद्दा विशेष बारकाईने पाहण्याजोगा आहे. प्रभावी लक्षणाचे झाड शुद्ध की मिश्र हे ठरवण्यासाठी मेंडेल त्याचे दहा दाणे पेरीत. एकही अप्रभावी रोप आले नाही तर झाड शुद्ध धरीत. पण मिश्र झाडाचेही दहाच्या दहा दाणे प्रभावी निघू शकतात. ही शक्यता पाऊणचा दहावा घात, म्हणजे सुमारे ५.६ टक्के. प्रभावी दिसणाऱ्या तीन झाडांत एक शुद्ध आणि दोन मिश्र अपेक्षित, म्हणजे ६०० झाडांत मिश्र ४००. पण या चुकीमुळे मिश्र म्हणून ४०० नव्हे, तर सुमारे ३७७ मोजली जायला हवी होती. मेंडेलनी नोंदवली ३९९. एखाद्या मदतनिसाला अपेक्षित उत्तर ठाऊक असावे, असा फिशर यांचा तर्क होता. दहापेक्षा जास्त दाणे पेरले असावेत, किंवा संशयास्पद रोपे मोजणाऱ्याच्या मनाच्या कलाने एका बाजूला गेली असावीत, अशीही स्पष्टीकरणे नंतर पुढे आली. जाणूनबुजून केलेल्या लबाडीपेक्षा ही स्पष्टीकरणे अधिक पटण्याजोगी आहेत. नियमाला त्याने बाध येत नाही. तिनास एक हे प्रमाण नंतर असंख्य पिकांत आणि प्राण्यांत मिळाले आहे.

पुनर्शोध : १९०० च्या वसंतात ह्यूगो द फ्रीस, कार्ल कोरेन्स आणि एरिख फॉन चेर्माक या तिघांनी मेंडेलचा निबंध पुन्हा उजेडात आणला असे परंपरेने सांगतात. द फ्रीस यांच्या पहिल्या फ्रेंच टिपणात मेंडेलचे नाव नव्हते. जर्मन निबंधात ते आले. श्रेयाचा प्रश्न कोरेन्स यांनी ठळकपणे उपस्थित केला. चेर्माक यांना विभक्तीकरणाचा अर्थ तेव्हा पुरता उमगला होता का, याबद्दल अनेक इतिहासकारांना शंका आहे. तिघांऐवजी दोघे म्हणणे जास्त सुरक्षित. मेंडेल पूर्णपणे विस्मृतीत गेले होते हेही तितकेसे खरे नाही, कारण १८८१ मध्ये विल्हेल्म फोके यांनी संकरांवरील आपल्या संकलनात त्यांचा उल्लेख केला होता. आनुवंशिकीला इंग्रजी नाव विल्यम बेटसन यांनी १९०५ मध्ये दिले, तर ‘जीन’ हा शब्द विल्हेल्म योहान्सेन यांनी १९०९ मध्ये.

भात : मेंडेलच्या उंच-ठेंगण्या वाटाण्याचे जुळे उदाहरण बेळगाव-खानापूरच्या भातखाचरांत उभे आहे. या पट्ट्यात आवडीने लावला जाणारा इंद्रायणी हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून निघाला. त्याचे प्रसारण १९८७ चे. आयआर-८ हा स्वतः फिलिपाइन्समध्ये १९६२ साली झालेल्या संकराचे फळ : इंडोनेशियाचा उंच ‘पेटा’ आणि तैवानचा ठेंगणा ‘डी-जिओ-वू-जेन’. पहिली पिढी सगळी उंच आली, दुसऱ्या पिढीत सुमारे पाव झाडे ठेंगणी निघाली. अगदी वाटाण्यासारखेच. या ठेंगणेपणाचे जनुक २००२ मध्ये सापडले, तर मेंडेलच्या ठेंगण्या वाटाण्याचे १९९७ मध्ये. जनुके दोन, विकरेही दोन. पण दोन्हीकडे बिघाड एकाच कामात आहे : खोडाची उंची वाढवणारे जिबरेलिन तयार करण्याच्या साखळीत. खताचा डोस वाढला आणि आश्विनातला पाऊस लागला, की उंच भात आडवा पडतो. ठेंगणा उभा राहतो. लपून राहणारा, ‘कमकुवत’ वाटणारा गुण असा कामाचा ठरला आहे.

बहुतेक सुवासिक भातांतला वासही अप्रभावी असतो. त्याचे जनुक आठव्या गुणसूत्रावर, ठेंगणेपणाचे पहिल्यावर. दोन्ही वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असल्याने उंच सुवासिक आणि ठेंगण्या बिनवासाच्या भाताच्या संकरात, दुसऱ्या पिढीत, ठेंगणे व सुवासिक रोप सोळात एक मिळण्याची अपेक्षा असते. पैदासकाराने त्या एकासाठी बाकीची पंधरा बाजूला सारायची. अप्रभावी लक्षणाचा फायदा असा, की ते एकदा डोळ्यांना दिसले म्हणजे त्या लक्षणापुरते रोप शुद्धच असते. भातही स्वपरागी, म्हणून इंद्रायणीचे घरचे बी राखून पुढच्या वर्षी तरवा टाकता येतो. भेसळ तेवढी सांभाळावी लागते.

मका : मक्याचे तसे नाही. तुऱ्यातला पराग वाऱ्यावर बांध ओलांडतो. पांढऱ्या मक्याच्या शेजारी पिवळा मका असेल, तर पांढऱ्याच्या कणसात मधूनच एखादा फिकट पिवळा दाणा दिसतो. पुष्कळांना ती रोगाची खूण वाटते. प्रत्यक्षात तो दाणा शेजारच्या रानातल्या बापाचा असतो. दाण्याचा पिठाळ भाग आईच्या दोन आणि बापाच्या एका वाट्याने बनतो, म्हणून पिवळेपणाचा एकच वाटा मिळालेला तो दाणा अस्सल पिवळ्यापेक्षा फिका.

संकरित मक्याचे बी दरवर्षी विकत का घ्यावे लागते, याचेही कारण विभक्तीकरणात आहे. पिशवीतले बी म्हणजे दोन शुद्ध ओळींची पहिली पिढी. सगळी झाडे एकसारखी आणि जोमदार. तेच राखून पेरले, की दुसऱ्या पिढीत घटक वेगळे होतात, झाडे उंच-बुटकी निघतात आणि उतारा घटतो. बियाणे फसवे असल्याचा राग यातून दुकानदारावर निघतो. पुष्कळदा ही फसवणूक नसते, दुसरी पिढी असते. कापसात धारवाडला बी. एच. कटारकी यांनी काढलेला वरलक्ष्मी (१९७२) हा हिरसुटम आणि बार्बाडेन्स या दोन जातींचा संकरही याच नियमाला बांधलेला.

गुणसूत्रे : मेंडेलचे घटक गुणसूत्रांवर असतात हे सटन व बोव्हेरी यांनी १९०२–०३ च्या सुमारास सुचवले आणि मॉर्गन यांनी १९१० पासून फळमाशीवर सिद्ध केले. आनुवंशिक द्रव्य डीएनए असल्याचा पुरावा १९४४ चा, त्याची दुहेरी पेडाची रचना १९५३ ची. माणसात ४६ गुणसूत्रे, भातात २४, गाईत ६०, आपल्याकडच्या म्हशीत ५०.

बहुजनुकी लक्षणे : माघातल्या चिंचलीच्या मायाक्का जत्रेत खिलार खोंड पाहणारा माणूस शिंगे, वशिंड, खूर, चाल, काजळी की कोसा रंग, सारे एकदम तोलतो. उंची, वजन, ताकद ही लक्षणे एका जनुकाची नसतात. अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा आणि त्यावर वैरण-पाण्याचा परिणाम. मेंडेलचे नियम अशा लक्षणांनाही कसे लागू पडतात हे फिशर यांनी १९१८ मध्ये गणिताने दाखवले.

मानवी आनुवंशिकता : मुलगा की मुलगी हे पित्याच्या बीजपेशीत एक्स गुणसूत्र आले की वाय, यावर ठरते, आईकडून नेहमी एक्सच येते. मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावणे शास्त्राच्या दृष्टीने निराधार आणि माणुसकीच्या दृष्टीने अन्याय आहे.

आतेभाऊ-मामेबहिणीचे लग्न दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात रूढ आहे. कर्नाटकात काही समाजांत मामा-भाचीचेही होते. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या अपत्यात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता १/१६, मामा-भाचीच्या अपत्यात १/८. थॅलसेमिया किंवा सिकलसेल यांसारखे अप्रभावी आजार वाहकात, म्हणजे बिघडलेल्या जनुकाची एकच प्रत असलेल्या माणसात, सहसा दिसत नाहीत; दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल बाधित होण्याची शक्यता चारात एक. पहिले मूल बाधित झाले म्हणून पुढची तीन सुटतात असे नाही. फासा दर वेळी नव्याने पडतो. लग्नाआधी रक्त तपासून घेतले तर पत्रिकेतल्या छत्तीस गुणांना न कळणारी ही गोष्ट कळते.

एक जनुक दुसऱ्याला झाकते, याचे गाजलेले उदाहरण मुंबईतले आहे. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये वर्णन केलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटात एच या पायाभूत घटकाचे जनुक दोन्ही बाजूंनी निकामी असते, त्यामुळे ए किंवा बी जनुक असूनही ते तांबड्या पेशीवर उमटत नाही. नेहमीच्या तपासणीत असा माणूस ओ गटाचा वाटतो. एबी गटाच्या पालकाला वरवर ओ गटाचे मूल झाले, तर मातृत्व-पितृत्वावर शंका घेण्याआधी ही शक्यता तपासली पाहिजे. या गटाच्या व्यक्तीला ओ गटाचेही रक्त चालत नाही. तिला बॉम्बे गटाचाच दाता लागतो, आणि भारतात असा माणूस साधारण दहा हजारांत एक सापडतो.