शाळेतल्या खिचडीचा फॉर्म कुठे मिळतो? ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांसाठी

जून उजाडला की आमच्या तुर्भ्याच्या वस्तीत हा प्रश्न हमखास येतो. "ताई, खिचडीचा फॉर्म कुठे मिळतो?" गेल्या वर्षी नांदेडहून नव्याने आलेल्या एका बाईंनी असा फॉर्म भरून घ्यायला एका दुकानात दीडशे रुपये मोजले होते. वर उत्पन्नाच्या दाखल्यापायी दोन दिवसांची मजुरी बुडवली. या दोन्हींची काहीच गरज नव्हती. शालेय पोषण आहारासाठी पालकांनी भरायचा असा कोणताही अर्ज नाही. योजनेतल्या शाळेच्या पटावर मुलाचे नाव असले आणि त्या दिवशी मूल शाळेत हजर असले, की त्याला जेवण मिळायलाच हवे.

मी सहा वर्षे महापालिकेच्या एका शाळेत शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य होते. त्या काळात जेवणाला मुकलेली जी मुले पाहिली, त्यातली बहुतेक नियमाने पात्रच होती. कुणाचा शाळा सोडल्याचा दाखला गावाकडे अडकलेला, कुणाचे नाव पटावर चढलेले नाही, तर कुणाच्या आईवडिलांना शाळा निवडताना हे सांगायला कुणी भेटलेच नाही. म्हणून खाली या अडचणींवरच जास्त लिहिते आहे.

कोणाला मिळते

पहिली ते आठवीच्या प्रत्येक मुलाला. अट एवढीच, की शाळा महापालिकेची, जिल्हा परिषदेची, सरकारी किंवा अनुदानित हवी. अशा शाळांना जोडलेल्या बालवाटिकेतल्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गातल्या मुलांचाही २०२१पासून योजनेत समावेश झाला आहे. उत्पन्नाची मर्यादा नाही. रेशनकार्ड पिवळे की केशरी, जात कोणती, महाराष्ट्रात किती वर्षे राहता, यातले काहीही विचारले जात नाही. बिहारहून कालच आलेल्या मुलाचा हक्क ऐरोलीत जन्मलेल्या मुलाइतकाच आहे. सगळ्यांना एकच जेवण एकाच पंगतीत मिळते, आणि माझ्या मते या योजनेतली सर्वांत चांगली गोष्ट हीच आहे. गरिबांची मुले वेगळी बसवली असती, तर निम्मी लाजून उठली असती.

योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. आधी कितीतरी ठिकाणी मुलांच्या हातात कोरडे धान्यच पडायचे. शिजवलेले अन्न द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने त्याला हक्काचे रूप दिले. २०२१मध्ये नाव बदलून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना झाले, पण मुलांच्या तोंडी 'खिचडी'च राहिली.

प्रमाणही ठरलेले आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. म्हणजे ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने. हे आकडे एका कागदावर लिहून ठेवा. वाढलेले कमी वाटले, तर नुसते "कमी देतात" म्हणण्यापेक्षा हे आकडे समोर ठेवलेले बरे.

खासगी शाळेचे काय

विनाअनुदानित खासगी शाळेत ही योजना लागू नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांवर तुमच्या मुलीचा नंबर लागला, तर फी माफ होते. जेवण मिळत नाही. लॉटरीत नाव आल्याच्या आनंदात हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि सकाळी सहाला कामावर जाणारी आई रोजचा डबा कसा करणार, हा प्रश्न जूनमध्ये अंगावर येतो. खासगी शाळा घेऊ नका, असे मी म्हणत नाही. दोन्ही बाजू माहीत असू द्या. इंग्रजी माध्यमच हवे असेल, तर ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही महापालिकांच्या इंग्रजी माध्यमाच्याही शाळा आहेत. तिथे आधी चौकशी करा.

शाळा अनुदानित आहे की नाही, हे पाटीवरून कळत नाही. कार्यालयात सरळ विचारा, "शाळेत पोषण आहार सुरू आहे का?" शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांकही (सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक) मागून घ्या. पुढे तक्रार करायची वेळ आली, तर तो उपयोगी पडतो.

कागदपत्रे लागतात ती प्रवेशासाठी

पहिलीत घालताना त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाची सहा वर्षे पूर्ण व्हायला हवीत. जन्मदाखला असेल तर उत्तम. नसेल तर रुग्णालयातली किंवा परिचारिकेच्या नोंदवहीतली जन्माची नोंद चालते, अंगणवाडीतली नोंद चालते, आणि तेही नसेल तर आईवडिलांनी वयाबद्दल लिहून दिलेले प्रतिज्ञापत्र चालते. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ सांगते. मुलाचे फोटो आणि घरचा पत्ता दाखवणारा एखादा कागद सोबत ठेवा. भाडेकरार नसेल तर नसेल. तेवढ्यासाठी मूल घरी बसवू नका.

आधारकार्डाबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण सगळ्यांत जास्त गाडी इथेच अडते. शाळा आधार मागते, कारण शिक्षकांची पदे ठरवताना आधार पडताळणी झालेल्या मुलांची संख्या पाहिली जाते. मुख्याध्यापकांवर तो दाब खरा आहे, तेव्हा त्यांच्यावर चिडू नका. आधार काढता येत असेल तर काढून घ्या. पण आधार येईपर्यंत मुलाला प्रवेश किंवा जेवण थांबवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८च्या निकालात स्पष्ट म्हटले आहे, की आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारू नये. ओळख दुसऱ्या कागदपत्रांवरून पटवावी. ही तारीख नम्रपणे सांगितली, तर बहुतेक ठिकाणी काम होते.

वर्षाच्या मध्ये आलेली मुले

दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याची कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर येतात. घोडबंदर रोडच्या इमारतींवर मराठवाड्यातली माणसेही असतात. यांच्या मुलांचे नाव गावच्या शाळेत, आणि मूल इथे पत्र्याच्या खोलीत धाकट्याला सांभाळत बसलेले. "दाखला नाही, आता पुढच्या जूनला बघू," असे म्हणून पालक स्वतःच थांबतात. थांबू नका. प्रवेश वर्षभरात केव्हाही मिळतो. जुन्या शाळेने दाखला लगेच द्यायचा असतो, आणि तो यायला उशीर झाला, तरी नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. हे शिक्षण हक्क कायद्याचेच कलम ५ आहे.

गाव सोडण्यापूर्वी जुन्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. स्थलांतरित मुलांसाठीच ते असते, आणि ते दाखवले की नव्या शाळेत इयत्ता ठरवणे सोपे जाते. कार्ड नसेल, तरी वयाप्रमाणे वर्गात बसवायचेच असते. साइटवर आठ-दहा मुले असतील, तर एकेकट्याने न जाता सगळे मिळून जवळच्या शाळेत जा. मी अशी अकरा मुले एका सकाळी घेऊन गेले होते. त्या दिवशी दुपारी सगळी पंगतीला बसली.

नाव घातल्यावर पहिल्या आठवड्यात

नाव खरोखर पटावर चढले का, ते वर्गाच्या बाईंकडून पक्के करा. जेवणाची संख्या सकाळच्या हजेरीवरून ठरते आणि रोज ऑनलाइन भरली जाते. शहरात बऱ्याच शाळांचे जेवण बाहेरच्या स्वयंपाकघरातून येते. पटावर नसलेल्या मुलालाही मायेने वाढणाऱ्या बाई मी पाहिल्या आहेत, पण ते इतरांच्या वाट्यातून जाते. मूल उशिरा पोहोचले तर हजेरीतून सुटते, म्हणून वेळेवर पाठवा. ताटली घरून द्यायची का, तेही विचारून घ्या.

घरून वेफर्सचे पाकीट देऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एकाने पाकीट उघडले, की शेजारची चार मुले उसळ तशीच टाकून देतात.

सहा वर्षांखालील भावंडाचे नाव अंगणवाडीत घाला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे नाश्ता आणि गरम जेवण मिळते, त्याहून लहानांना घरी न्यायचा आहार.

जेवण आले नाही तर

या योजनेच्या ३० सप्टेंबर २०१५च्या नियमांनुसार धान्य, इंधन किंवा स्वयंपाकी नाही अशा कोणत्याही कारणाने शाळेच्या दिवशी जेवण मिळाले नाही, तर मुलाच्या वाट्याचे धान्य आणि शिजवण्याचा खर्च भत्ता म्हणून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यायचा असतो. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस खंड पडला, तर जबाबदारी निश्चित करून कारवाई करणे राज्य सरकारला बंधनकारक आहे. मुलाने स्वतःहून जेवण नाकारले असेल, तर मात्र भत्ता मिळत नाही. म्हणून कोणत्या तारखांना जेवण नव्हते, ते वहीत टिपून ठेवा.

जेवण वाढण्याआधी एका शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी चाखायचे असते. त्यासाठी पालकही जाऊ शकतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यांना आधी गाठा. कित्येक गोष्टी तिथल्या तिथे सुटतात. नाही सुटल्या, तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. मग महापालिकेच्या शिक्षण विभागात, आणि जिल्हा परिषदेची शाळा असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. अर्जात शाळेचे नाव, यूडायस क्रमांक, इयत्ता आणि जेवण न मिळालेल्या तारखा लिहा. दोन प्रती काढा, आणि स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.