टेलिकास्टरवर मेटल: दोष टणत्काराचा नाही

भाच्याने सेकंडहँड गिटार घेतली. लोण्याच्या रंगाची, काळ्या पिकगार्डची, एकाच बाजूला खाच असलेली. म्हणजे घडण टेलिकास्टर नावाच्या इलेक्ट्रिक गिटारची. आठवड्याभराने तारा घ्यायला तो दुकानात गेला, तेव्हा काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "काय वाजवतोस?" हा म्हणाला, मेटल, म्हणजे तो दणदणीत, खरखरीत रॉक. "मग ही कशाला घेतलीस? ही कंट्रीची गिटार. हिचा आवाज पातळ. हिच्यावर मेटल वाजत नाही."

पोराने घरी येऊन मला फोन लावला. मामाला तीनच कॉर्ड येतात, पण कॉइल गुंडाळण्याचा आणि सोल्डरिंगचा नाद आहे, हे त्याला माहीत.

दुकानदाराचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. टेलिकास्टर १९५० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी जन्मली. तिचा जनक लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, स्वतःला गिटार वाजवता येत नसे. आधी नाव ब्रॉडकास्टर होतं. ग्रेट्श कंपनीचे जवळपास त्याच नावाचे ड्रम बाजारात होते म्हणून १९५१ मध्ये ते बदलावं लागलं. सपाट फळी, स्क्रूने बसवलेली मान, दोन पिकअप, बस. कंट्री म्हणजे अमेरिकेतलं गावाकडचं संगीत; त्याच्या वादकांनी ती उचलून धरली. बक ओवेन्स आणि डॉन रिच यांनी तिचा तो लखलखीत, टोचणारा आवाज अमेरिकाभर पोहोचवला. इंग्रजीत त्याला 'ट्वँग' म्हणतात. आपल्याकडे धनुष्याची दोरी सोडली की होतो तो टणत्कार. मला हाच शब्द चपखल वाटतो.

हा टणत्कार येतो कुठून? पिकअप म्हणजे सहा छोटे लोहचुंबक आणि त्यांच्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे साधारण आठ हजार वेढे. वर ताणलेली पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्याने स्वतःच थोडी चुंबक होते. ती थरथरली की वेढ्यांतून जाणारं चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतं आणि कॉइलमध्ये तितक्याच वारंवारतेचा व्होल्टेज निर्माण होतो. दहावीतलं विद्युत चुंबकीय प्रवर्तन ते हेच, फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं. टेलिकास्टरचा खालचा पिकअप घोडीला (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) अगदी खेटून, पोलादी पत्र्यात तिरका बसवलेला असतो. घोडीजवळ तारेचा मूळ स्वर फारसा हलतच नाही. स्वरांशांचा, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींत सोबत वाजणाऱ्या वरच्या स्वरांचा, वाटा तिथे तुलनेने मोठा. शिवाय कॉइलचं प्रवर्तकत्व आणि केबलची धारिता मिळून एक अनुनाद तयार होतो, म्हणजे एका ठरावीक वारंवारतेला आवाज फुगतो. ३ हेन्री आणि ५०० पिकोफॅरड धरा, उत्तर ४ किलोहर्ट्झच्या आसपास येतं. आपला कान नेमका त्याच पट्ट्यात सर्वांत तिखट असतो.

आता मेटलकडे. मेटलचा आवाज म्हणजे डिस्टॉर्शन, आणि डिस्टॉर्शन म्हणजे छताला डोकं आपटणं. अँप्लिफायर सिग्नल हजारपट वाढवू पाहतो, पण त्याची झेप ठरावीक व्होल्टच्या पलीकडे जात नाही. लाटेचे शेंडे कापले जातात, गोलाकार लाट चौकोनी होऊ लागते, आणि त्या कोपऱ्यांतून नवे स्वरांश जन्मतात. दोन स्वर एकदम छेडले तर त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही उगवतात. मेटलवाले ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात तो निव्वळ षड्ज-पंचम असतो, तानपुऱ्यासारखा. खालचा ई ८२.४ हर्ट्झ, वरचा पंचम १२३.५, वजाबाकी ४१. म्हणजे कोणीही न छेडलेला खर्जाचा षड्ज आपोआप खाली येऊन बसतो! गंधार घातला की मात्र बिनसतं. षड्जाच्या पोटात त्याचा स्वयंभू गंधार असतोच. गिटारच्या पडद्यांवरचा गंधार त्याच्यापेक्षा किंचित चढा. षड्जाचा पाचवा स्वरांश ४१२ हर्ट्झ, पडद्यावरच्या गंधाराचा चौथा ४१५.३. सेकंदाला तीनेक ठोके पडतात, आणि डिस्टॉर्शन हे भांडण चव्हाट्यावर आणतं. (इथे कोणी मागे राहिलं असेल तर हरकत नाही, पुढचं याच्याशिवाय कळतं.)

मुद्दा असा की छताला सर्वांत आधी डोकं आपटतं ते खर्जाचं, कारण त्याच्या लाटा सर्वांत उंच. खर्ज फार असला तर तो बाकी सगळ्याला आपल्याबरोबर चिरडतो आणि तळहाताची कड घोडीवर टेकवून वाजवलेले झपाझप ठोके चिखल होऊन बाहेर पडतात. म्हणून कित्येक मेटल वादक अँप्लिफायरच्या आधी ट्यूब स्क्रीमर नावाचं हिरवं पेडल (पायाने चालू-बंद करायची डबी) लावतात. त्याच्या सर्किटमध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी वाढवला जावा अशी योजना आहे. पैसे मोजून पेडल आणायचं, ते खर्ज आवरण्यासाठी. टेलिकास्टरचा घोडीजवळचा पिकअप तेच काम थोडंफार जन्मतः करतो. ज्याला दुकानदार 'पातळ' म्हणाला तो गुण आहे.

मग खरी अडचण काय? ती भाच्याच्या खोलीत पहिल्या दिवशीच ऐकू आली. डिस्टॉर्शन लावलं, आणि एकही तार न छेडता स्पीकरमधून गूंऽऽऽ.

आपल्या भिंतींतली वीज ५० हर्ट्झची. अडॅप्टर, पंखा, अँप्लिफायरचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, सगळ्यांभोवती ५० हर्ट्झने उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र असतं. पिकअपची कॉइल म्हणजे जणू त्याच ट्रान्सफॉर्मरचं सुटं पडलेलं दुसरं वेटोळं. ती ते इमानेइतबारे उचलते. (पेटीच्या भाषेत ही गुणगुण पांढरी पाचच्या जरा वर लागते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिकडे पट्टी वेगळी.) समजा तारेचा सिग्नल १०० मिलिव्होल्ट आणि गुणगुण १ मिलिव्होल्ट. शंभरास एक, कोणाला कळणारही नाही. आता हजारपट वाढवा. गुणगुण १ व्होल्ट झाली. तार १०० व्होल्टवर जायला हवी होती, पण छत १० व्होल्टवर. शंभरास एक होतं ते दहास एक झालं. कंट्रीवाला इतका गेन, म्हणजे सिग्नलची इतकी वाढ, लावतच नाही, म्हणून त्याची तक्रार नसते.

भाच्याला एक शोध आपला आपणच लागला होता. गिटार गळ्यात अडकवून खोलीत गोल फिरलं की गुणगुण वाढते, घटते, आणि एका ठिकाणी जवळजवळ नाहीशी होते. तिथे त्याने फरशीवर इन्सुलेशन टेपचा बाण चिकटवला होता. बाण ईशान्येकडे. माझी बहीण म्हणाली, "बघ, मी म्हणतच होते, ईशान्य शुभ." मी भाच्याला पाठमोरं, नैर्ऋत्येकडे तोंड करून उभं केलं. तिथेही शांत. कॉइलच्या तोंडातून क्षेत्ररेषा आरपार गेल्या तर गुणगुण. कडेने समांतर गेल्या तर काही नाही. आणि पूर्ण गिरकीत असं दोनदा होतं. मग पेडलचा अडॅप्टर समोरच्या भिंतीवरच्या प्लगला लावला. शुभ दिशा सरकून आग्नेयेला गेली. बहिणीचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही.

पण स्टेजवर कोणी बाणावर उभं राहून मेटल वाजवत नाही. त्यावरचा उतारा सेथ लव्हर या माणसाने गिब्सन कंपनीत असताना काढला आणि १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. त्याचं नाव हंबकर. युक्ती सातवी-आठवीच्या बीजगणिताची आहे, आणि मला ती कितीही वेळा सांगितली तरी कंटाळा येत नाही.

एकाऐवजी दोन कॉइल शेजारी शेजारी ठेवा. दुसरीचे वेढे उलट दिशेने जोडा. आता बाहेरून आलेली गुणगुण पहिल्या कॉइलमध्ये अधिक, तर दुसरीत उणे. दोन्ही एकामागे एक जोडल्या की बेरीज शून्य. गुणगुण गेली. पण तारेचा सिग्नलही याच न्यायाने जायला हवा ना? तो गेला तर उपयोग काय?

म्हणून दुसरी गोष्ट करायची: दुसऱ्या कॉइलचे चुंबकही उलटे ठेवायचे, पहिलीत वर उत्तर ध्रुव तर दुसरीत दक्षिण. तार चुंबक होते ती या चुंबकांमुळे, त्यामुळे ध्रुव उलटला की तारेने पाठवलेल्या व्होल्टेजचं चिन्ह एकदा उलटतं. वेढे उलट असल्याने ते पुन्हा उलटतं. उणे गुणिले उणे अधिक! तारेचा सिग्नल दोन्ही कॉइलमध्ये एकाच चिन्हाचा, म्हणून बेरीज दुप्पट. गुणगुणीला मात्र चुंबकाचा ध्रुव कुठला याच्याशी देणंघेणंच नाही, ती भिंतीतून येते. तिच्या वाट्याला एकच उणे येतं, आणि ती मरते. खोलीतला प्रत्येक अडॅप्टर कुठे आहे याची या वस्तूला गरज नाही. आपला कोण आणि परका कोण, हे ती फक्त दोन उलट्यांवरून ओळखते.

किंमत मोजावी लागतेच. वेढे वाढले की प्रवर्तकत्व वाढतं, अनुनाद ४ किलोहर्ट्झवरून अडीचच्या आसपास उतरतो. दोन कॉइल तारेला दोन जागी ऐकतात, त्यात काही वरचे स्वरांश एकमेकांना खातात. आवाज जाड होतो, टणत्काराची धार बोथट होते. गंमत म्हणजे लव्हर १९६७ मध्ये फेंडरकडे गेला, आणि १९७२ च्या टेलिकास्टरांवर जे हंबकर आले ते त्याच्याच हातचे.

वाजवणाऱ्यांनी तर कधीच वाद मिटवला आहे. लेड झेपेलिनच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमवर जिमी पेजच्या हातात मुख्यतः टेलिकास्टरच होती. मॅरिलिन मॅन्सन आणि रॉब झॉम्बी यांच्याबरोबर वाजवलेला जॉन फाइव्ह टेलिकास्टरवेडा आहे, आणि फावल्या वेळात तिच्यावर कंट्रीही वाजवतो. स्लिपनॉट या मेटल बँडच्या जिम रूटच्या नावाची टेलिकास्टर फेंडरने काढली, तिच्यात बॅटरीवर चालणारे ईएमजी कंपनीचे हंबकर. ती पाहून जुने लोक म्हणतात, ही नावापुरती टेलिकास्टर. मला ते पटत नाही, कारण एक मोलाची गोष्ट तिच्यात शिल्लक आहे: २५.५ इंच तारेची लांबी. गिब्सनची पावणेपंचवीस. ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे त्याच तारेवर त्याच स्वराला सहा टक्के जास्त ताण. मेटलवाले जाड तार ई वरून डी ला उतरवतात तेव्हा तिचा वीस टक्के ताण जातो, आणि ढिली तार फडफडते. तिथे हे सहा टक्के कामी येतात. लाकूड कोणतं यावर मात्र लोक रात्र रात्र भांडतात आणि दुकानं त्यावर हजारो रुपये जास्त लावतात. आधी पिकअपची उंची दोन मिलिमीटर बदलून ऐका, फुकट आहे.

शेवटी आम्ही जुन्या पिकअपच्याच जागेत मावणारा रेलवाला (सुट्या खुंट्यांऐवजी सलग पट्ट्यांचा) हंबकर बसवला. घोडीचा पत्रा उचलला, जुना पिकअप काढला, चार रंगांच्या चार तारा. मी चष्मा न लावता एका कॉइलच्या दोन तारा उलट जोडल्या. अँप्लिफायर लावला तर गुणगुण पहिल्यापेक्षा मोठी, आणि गिटारचा आवाज नाकातून आल्यासारखा. एक उणे जास्त पडलं होतं, त्यामुळे परका दुप्पट झाला आणि आपला कापला गेला. भाचा म्हणाला, "मामा, तू सांगितलंस त्याच्या बरोब्बर उलट होतंय." दोन तारांची अदलाबदल करायला पाच मिनिटं लागली. मग गेन पुरता चढवला, आणि तारांवर हात ठेवला तर खोलीत फक्त पंख्याचा आवाज.

फरशीवरचा टेपचा बाण त्याने अजून काढलेला नाही. सवयीने तिथेच उभा राहतो.