ग्राइंड (इनलाइन स्केटिंग)

इनलाइन स्केट्सवरून, म्हणजे एका रांगेत चाके असलेल्या स्केट्सवरून, वेगात येऊन उडी मारायची आणि कट्ट्याच्या कडेवर, लोखंडी रेलिंगवर किंवा रॅम्पच्या वरच्या पाइपवर चाके न टेकवता फ्रेमने (चाके धरणाऱ्या सांगाड्याने) अथवा बुटाच्या तळाने घसरत जायचे, या प्रकाराला ग्राइंड म्हणतात. अ‍ॅग्रेसिव्ह इनलाइन स्केटिंगचा, म्हणजे उड्या आणि कसरतींच्या स्केटिंगचा, हा कणा आहे. बघणाऱ्याला यात धाडस दिसते, पण ग्राइंड जमतो किंवा फसतो तो दोन गोष्टींवर: स्केटचा नेमका कोणता भाग कडेवर बसला, आणि त्या क्षणी शरीराचे वजन कुठे होते. स्केटर पहिल्या गोष्टीला 'लॉक' म्हणतात. लॉक उभ्या जागी शिकता येतो आणि तो तसाच शिकावा.

१९८०च्या सुमारास अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये स्कॉट ओल्सन यांनी रोलरब्लेड कंपनी सुरू केली, तेव्हा हे स्केट बर्फावरच्या हॉकीपटूंना उन्हाळी सरावासाठी हवे होते. रेलिंगवर घसरायचे वेड १९९०च्या आसपास आले. त्या काळचे स्केटर साध्या स्केटच्या फ्रेमला मधल्या दोन चाकांच्या मध्ये घासपट्ट्या बसवून घेत. पुढे रोसेस, रोलरब्लेड, के-टू यांनी खास ग्राइंडसाठी बूट बनवले, आणि २०००च्या सुमारास यूएफएस ही फ्रेम जोडण्याची सामाईक पद्धत आल्यावर एका कंपनीच्या बुटाला दुसऱ्या कंपनीची फ्रेम लावणे सोपे झाले. १९९५च्या पहिल्या एक्स गेम्समध्ये (साहसी खेळांच्या अमेरिकी स्पर्धेत) हा खेळ होता. २००५मध्ये तो वगळला गेला. त्यानंतर मोठ्या कंपन्यांपैकी बऱ्याच जणांनी हात आखडता घेतला, तरी खेळ टिकला तो स्केटरांनीच चालवलेल्या छोट्या कंपन्यांमुळे आणि नेदरलँड्समधील आइंडहोवनच्या विंटरक्लॅशसारख्या मेळाव्यांमुळे.

स्केटची रचना

या स्केटचा बूट जाड प्लास्टिकचा असतो आणि आत काढता-घालता येणारा लायनर (मऊ अस्तर) असतो. बुटाच्या तळाला बाहेरच्या बाजूने रुंद, सपाट प्लास्टिकची पट्टी असते. ती सोल प्लेट. फ्रेममध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकाच्या मध्ये खाचेचा ठोकळा असतो, तो एच-ब्लॉक. जवळपास सगळे ग्राइंड या दोन भागांवर किंवा त्यांच्या जोडीवर होतात.

चाके लहान आणि कडक असतात: साधारण ५५ ते ६० मिमी व्यासाची, ८८ए ते ९२ए कडकपणाची (आकडा मोठा तितके चाक कडक). चारही चाके सारखी असतील तर त्याला फ्लॅट मांडणी म्हणतात. मधली दोन चाके काढून ४० ते ४७ मिमीची छोटी कडक चाके घातली, तर ती अँटी-रॉकर. अँटी-रॉकरमध्ये मधली खाच मोठी होते आणि कड सहज सापडते, म्हणून नवशिक्याने त्यावरच सुरुवात करावी. याची किंमत रस्त्यावर मोजावी लागते. चालताना फक्त पुढचे आणि मागचे चाक जमिनीला लागते, त्यामुळे खडबडीत डांबरावर पाय थरथरतात आणि वळण जड जाते. फ्लॅट मांडणीत चालणे सुखाचे, पण मधले चाक कडेला टेकले की ते फिरू लागते किंवा अडते आणि स्केट जागीच थांबतो.

महाराष्ट्रात स्केटिंगचे वर्ग प्रामुख्याने चार चाकी क्वाड आणि स्पीड इनलाइनचे असतात. स्पीड स्केटची ९० ते ११० मिमी चाके, घोट्याखाली संपणारा बूट आणि खाच नसलेली अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम ग्राइंडला निरुपयोगी तर आहेच, धोक्याचीही आहे. फिटनेस स्केटचेही तेच. वर्गातले जुने स्केट वापरून ग्राइंड शिकायचा प्रयत्न करू नये.

जागा आणि मेण

सुरुवातीला १५ सेंमी उंचीची फुटपाथची कड किंवा जमिनीवर घट्ट बसवलेला बुटका लोखंडी बॉक्स पुरतो. लांबी निदान दोन मीटर असावी, आणि येण्याच्या व उतरण्याच्या वाटेवर गुळगुळीत कोबा असावा. पेव्हर ब्लॉकच्या फटींत लहान चाके अडकतात. कडेवर लोखंडी अँगल बसवलेला असेल तर उत्तम. ग्रॅनाइटची कडही चांगली. शहाबादी फरशी टाळावी, कारण तिचे टवके उडतात आणि उडालेल्या जागी फ्रेम अडते.

सिमेंटच्या कडेवर मेण लागतेच. साधी पांढरी मेणबत्ती चालते. कडेच्या वरच्या आणि बाजूच्या दोन्ही अंगांना ती घासावी आणि स्केट हातात धरून वजन देऊन सरकवून पाहावा. मेण कमी असेल तर पाय थांबतात आणि अंग पुढे फेकले जाते. जास्त असेल तर पाय पुढे पळतात आणि माणूस माकडहाडावर किंवा कोपरावर आपटतो. नुसत्या लोखंडाला अगदी थोडे मेण पुरते. ताजा ऑइलपेंट मात्र चिकटतो. ज्या पायऱ्यांवरून लोक ये-जा करतात तिथे मेण लावू नये.

फ्रंटसाइड

पहिला ग्राइंड हाच. यात दोन्ही स्केट कडेला आडवे असतात, एच-ब्लॉक कडेवर असतात आणि छाती कट्ट्याकडे असते. त्याआधी टी-स्टॉप (एक पाय मागे आडवा घासून थांबणे), उलटे चालणे, चालत्या वेगात दोन्ही पायांनी उडी आणि १८० अंशांची फिरकी इतके पक्के हवे.

आधी स्थिर उभे राहून कडेवर चढावे. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद ठेवावेत, गुडघे खोल वाकवावेत, पायांची बोटे किंचित वर ठेवावीत आणि दोन्ही खाचा कडेवर बसल्याचे तळपायाला कळेपर्यंत तसेच राहावे. वजन दोन्ही पायांवर सारखे असावे. कट्ट्यावर शरीर किंचित मागे, म्हणजे आलो त्या बाजूला राहते. रेलिंगवर ते बरोबर मधोमध लागते. हा फरक न समजल्याने कट्ट्यावर शिकलेला स्केटर रेलिंगवर पहिल्यांदा मागे पडतो.

मग चालत येऊन. कट्टा उजवीकडे असेल तर साधारण २० अंशांच्या कोनात यावे, दोन्ही पायांनी उडी मारावी, हवेत कमरेतून उजवीकडे पाव फेरी घ्यावी आणि दोन्ही स्केट एकाच वेळी टेकवावेत. डावा पाय पुढे राहतो. नजर पायांवर नको, कट्ट्याच्या शेवटावर हवी. वेग हलक्या धावण्याइतका ठेवावा. भीतीपोटी सगळेच फार हळू येतात, आणि घर्षणावर मात करायला वेग कमी पडला की स्केट अर्ध्यात चिकटतो.

पाय चिकटत असतील तर कारणे ठरलेली आहेत. बोटे खाली गेली की पुढची चाके कट्ट्याच्या माथ्यावर टेकतात आणि थांबतात. पाय जवळ ठेवले की पुढे-मागे तोल सावरायला आधारच उरत नाही. एक पाय आधी टेकला की अंग त्याच्याभोवती फिरते. शेवटाला आल्यावर आधी खांदे प्रवासाच्या दिशेला वळवावेत, पाय आपोआप मागून येतात. उतरताना एक स्केट दुसऱ्याच्या अर्धा बूट पुढे ठेवला तर धक्का सावरता येतो.

बॅकसाइडमध्ये हेच सगळे, पण पाठ कट्ट्याकडे करून. कड दिसत नाही, मान वळवून खांद्यावरून बघावे लागते, म्हणून तो घाईने घेऊ नये.

सोल आणि मकिओ

सोल ग्राइंडमध्ये मागचा पाय कडेला समांतर असतो आणि त्याची सोल प्लेट कडेवर बसते. पुढचा पाय फ्रंटसाइडसारखा आडवा, एच-ब्लॉकवर. कट्टा उजवीकडे असेल तर उजवा पाय सोलचा. त्याची फ्रेम कट्ट्याच्या बाहेर लटकते आणि भिंतीला टेकते. निम्म्याहून जास्त वजन याच पायावर हवे. हा पाय नीट दाबला नाही तर प्लेट कडेवरून निसटते आणि नडगी थेट सिमेंटवर घासते. दोन्ही गुडघे आत, एकमेकांकडे वाकलेले असतील तर पकड टिकते. पुढचा पाय सरळ ताठ करण्याची चूक सर्रास होते. तसे केले की वजन मागे जाऊन सोल प्लेट सुटते.

पुढचा पाय सोलवर आणि मागचा एच-ब्लॉकवर घेतला की मिझू होतो. एकाच पायाच्या सोल प्लेटवर घसरून दुसरा पाय हवेत ठेवला की मकिओ. मकिओचे मर्म खोल बसण्यात आहे: गुडघा जितका वाकेल तितका तोल खाली राहतो, आणि हवेतला पाय सरळ पुढे धरला तर तो तोल राखायला उपयोगी पडतो.

इतर प्रकार आणि नावांची रीत

रोयालमध्ये पाय फ्रंटसाइडसारखेच, पण दोन्ही स्केट एकाच बाजूला कलंडलेले: पुढचा स्वतःच्या बाहेरच्या कडेवर, मागचा आतल्या. युनिटीत पाय एकमेकांवरून ओलांडलेले असतात. मूळ नावापुढे विशेषण लावून बाकीची नावे बनतात. टॉपसाइड म्हणजे सोलचा पाय कडेच्या वरच्या अंगाला, घोट्यातून बाहेर झुकलेला. निगेटिव्ह म्हणजे बुटाच्या तळाच्या आतल्या कडेवर घसरणे. अ‍ॅली-ऊप म्हणजे उलट वळून मागे तोंड करून घसरणे. टॉपसाइड आणि अ‍ॅली-ऊप एकत्र आले की ट्रू स्पिन. टॉपसाइड मकिओत स्केट हाताने पकडला की त्याला फिशब्रेन म्हणतात. टॉपसाइडमध्ये घोट्यावर मोठा ताण येतो, म्हणून बुटाचा कफ (घोट्याभोवतीचा भाग) ढिला असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

पडणे, इजा आणि देखभाल

हेल्मेट, मनगटाचे गार्ड आणि गुडघ्याचे पॅड याशिवाय सुरुवात करू नये. नडगीचे गार्ड ग्राइंडसाठी विशेष गरजेचे आहेत. उडी चुकल्याचे हवेतच कळले तर कडेवर पाय टेकवण्याचा हट्ट सोडून लांब उडी घ्यावी. रेलिंगवर हे जास्तच महत्त्वाचे आहे, कारण एक पाय अलीकडे आणि एक पलीकडे पडला की मार थेट जांघेत बसतो. पुढे पडताना गुडघ्याच्या पॅडवर घसरत जावे. ताठ हात टेकवला तर मनगट मोडते.

एच-ब्लॉक आणि सोल प्लेट झिजण्यासाठीच असतात. प्लेटचे बोल्ट कडेला लागू लागले की ती बदलावी, नाहीतर बोल्टचे डोके घासून गुळगुळीत होते आणि मग ते निघत नाही. चाके आतल्या बाजूने आधी झिजतात. डावी-उजवी अदलाबदल करत राहावी. पावसाळ्यात ओल्या कोब्यावर उडी घेतानाच पाय सरकतो, आणि बेअरिंगमध्ये पाणी गेल्यावर ती त्याच दिवशी काढून पुसून तेल घातले नाही तर गंजतात.