थेंबाच्या बुडाखालचा वारा

जत्रेत मिळणारी ती वाकडी नळी आठवा. टोकाला छोटी वाटी असते, फुंकर मारली की हलका चेंडू हवेत नाचतो, आणि जरा बाजूला सरकला की भोवतालची हवाच त्याला पुन्हा मध्ये आणते. याच युक्तीने प्रयोगशाळेत अॅल्युमिनाचा, म्हणजे अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचा, वितळलेला थेंब तरंगत ठेवतात. अॅल्युमिना वितळतो 2054 अंश सेल्सिअसला. एवढ्या तापलेल्या द्रवाला मूस चालत नाही. मुशीचा अंश त्यात उतरतो आणि मोजमाप बिघडतं.

विनबोर्न, नॉर्डाइन आणि सहकाऱ्यांचा या तंत्रावरचा शोधनिबंध 1976 चा. पुढे फ्रान्समध्ये ओर्लेआंच्या कुतूर यांच्या गटाने खालून वायू सोडणारं शंकूच्या आकाराचं तोंड, म्हणजे नॉझल, आणि थेंब तापवणारा कार्बन डायऑक्साइड लेझर ही जोडी रुळवली. 1997 मध्ये क्ष-किरणांनी द्रव अॅल्युमिनाची रचना मोजली गेली, आणि 2014 मध्ये अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत चक्क वितळलेल्या युरेनियम डायऑक्साइडची.

या सगळ्यात नॉझल मात्र बराच काळ कारागिराच्या हातचं राहिलं. लेथवर शंकू कापायचा, मध्ये मिलिमीटरभर भोक पाडायचं, थेंब थरथरला तर कोन बदलून दुसरं करायचं. हिशोब करू गेलं तर बळ किरकोळ निघतं. अडीच मिलिमीटर व्यासाच्या अॅल्युमिनाच्या गोळीचं वजन सुमारे 32 मिलिग्रॅम. तिला उचलायला साडेसहा मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा दाब पुरतो. अवघड आहे ते तिला स्थिर ठेवणं. त्यातून वरून लेझर, खालून गार वायू. थेंबाचा माथा आणि बूड यांच्या तापमानात मोठी तफावत पडते. आणि बूड तर नॉझलमध्येच दडलेलं. तिथे ना कॅमेरा पोचतो, ना तापमापक.

तिथे पाहायचं तर वाट गणिताची. द्रवगतीची समीकरणं जुनीच, ती संगणकाकडून सोडवून घेण्याची रीत घडवणाऱ्यांत एक नाव पुण्याचं आहे: सुहास पाटणकर. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेले आणि 1972 मध्ये तिथले प्राध्यापक स्पॉल्डिंग यांच्यासह त्यांनी ‘सिंपल’ ही पद्धत मांडली. आधी दाब अंदाजाने धरायचा, त्यावरून वेग काढायचा, जागेचे छोटे चौकोन पाडून त्यातल्या प्रत्येक चौकटीत आत आलेला आणि बाहेर गेलेला वायू जुळतो का ते पाहायचं, नसेल तर दाब दुरुस्त करून पुन्हा सुरुवात. आजच्या अनेक सॉफ्टवेअरांच्या पोटात हीच पद्धत किंवा तिचे वंशज आहेत.

मग शंकूचा कोन, घशाची रुंदी, कडेची गोलाई पडद्यावरच बदलून पाहता येऊ लागली, आणि 3डी प्रिंटिंगमुळे पसंत पडलेला आकार हातात यायलाही फार वेळ लागेना. तरी माझ्या मते पडद्यावरच्या रंगीत चित्रांनी फार भुलू नये. मिनिटाला लिटरभर आर्गॉन वायू मिलिमीटरभर भोकातून सोडला तर प्रवाह संथ की खळबळीचा हे सांगणारा रेनॉल्ड्स अंक सुमारे 1,500 येतो. प्रवाह धड संथ नाही, धड खळबळीचाही नाही; खळबळीसाठी बेतलेली सूत्रं नेमकी इथे अडखळतात. म्हणून आधी थंड गोळीवर हिशोब करून तो प्रयोगाशी ताडून पाहायचा, मग उष्णता घालायची.

उष्णता आली की नवं लचांड. तापून वितळलेला अॅल्युमिना पसरतो, थंड गोळीपेक्षा व्यास सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो, थेंब शंकूत वर सरकतो आणि खालचा वायूही तापून विरळ होतो. त्या क्षणी अजूनही कुणाचा तरी हात व्हॉल्व्हवर असतो.